भगव्या वस्त्रांतील सेनानी : स्वामी रामानंद तीर्थ

आज अनंत चतुर्दशी. घरोघरी विराजमान झालेल्या श्रीगजाननास निरोप देण्याचा दिवस. चौदा गाठींचा अनंत हाती बांधून श्रीविष्णूचे पूजन करण्याचा आणि सायंकाळी पाणावल्या डोळ्यांनी मंगलमूर्तीचे विसर्जन करण्याचा हा दिवस मराठवाड्याच्या इतिहासात आणखी एका कारणाने कोरला गेला आहे. शके १८७० च्या भाद्रपदातील अनंत चतुर्दशी शुक्रवारी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी आली होती. त्याच दिवशी निजामाने भारतापुढे शरणागती जाहीर केली. मुक्तिदिन आपण इंग्रजी तारखेने साजरा करतो. पंचांगाने पाहिले तर तो आजच्या तिथीस येतो. या योगाचे स्मरण ठेवून, त्या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या एका संन्याशाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

औंढ्याहून वसमतकडे जाणाऱ्या वाटेवर शिरड शहापूर हे गाव आहे. श्रीमल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळे ते दूरवर परिचित आहे. जवळच आठवे ज्योतिर्लिंग मानले जाणारे श्रीनागनाथ. नामदेवरायांना विसोबा खेचरांच्या रूपाने गुरू भेटले ते तेथेच, अशी परंपरा सांगते. अशा पुण्यभूमीतील कुणब्याने दीडशे वर्षे कोणाचे राज्य सोसले, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. गादीवर निजाम होता, पण १७९८ च्या तैनाती कराराने त्याची तलवार इंग्रजांच्या म्यानात गेली होती. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. फौज नावाची निजामाची, अधिकारी इंग्रज आणि खर्चाचा भार अखेर रयतेच्या माथी. त्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला आणि पैनगंगेच्या दोन तीरांवर दोन राज्ये झाली. एकाच घरातील लेकी-सुनांची माहेरे परमुलखात गेली. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. अलीकडे कचेरीची भाषा उर्दू. ज्या शेतकऱ्याला हरिपाठ मुखोद्गत होता, त्याला स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. सभा भरवायची तर परवानगी, खासगी शाळा काढायची तर परवानगी, आखाडा चालवायचा तरी परवानगी! ‘गश्ती निशान ५३’ या हुकुमाचे नाव जुन्या पिढीला विसरता येत नसे, ते उगीच नव्हे.

या मुलखाच्या भाग्याशी ज्यांचे आयुष्य जोडले गेले ते स्वामी रामानंद तीर्थ जन्माने मराठवाड्याचे नव्हते. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे ३ ऑक्टोबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. सोलापुरास शिकत असतानाच १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तल्याची वार्ता आली आणि या किशोराने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा संकल्प सोडला. कोवळ्या वयातील संकल्प बहुधा वयाबरोबर विरून जातात. हा विरला नाही. अमळनेर व पुणे येथे शिक्षण झाले, कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम झाले, आणि पुढे धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या आडगावच्या राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक म्हणून येऊन राहिले. तेथेच त्यांनी स्वामी रामतीर्थांच्या परंपरेतील संन्यास घेतला. व्यंकटेशाचे रामानंद तीर्थ झाले.

संन्यास घेतल्यावर मनुष्य हिमालयाची वाट धरतो, अशी आपली समजूत. स्वामीजींनी अंबाजोगाईची वाट धरली. श्रीयोगेश्वरीच्या त्या क्षेत्रात बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह त्यांनी शाळेचे काम उभारले. मराठीतून शिकलेली, ताठ मानेने उभी राहणारी मुले तयार करणे ही त्या काळी केवळ विद्यादानाची गोष्ट नव्हती. पुढच्या लढ्याचे कितीतरी सैनिक याच शाळांच्या ओट्यांवरून उठले.

१९३८ साली स्वामीजींनी अध्यापन सोडून राजकारणात उडी घेतली. संन्याशाने राजकारणात पडावे काय, ही शंका तेव्हाही अनेक भाविकांनी घेतली असेल. आमच्या मते तिचे उत्तर समर्थांच्या महाराष्ट्राने शोधण्याची गरजच नाही. ज्याला घर नाही त्याच्या घरावर जप्ती आणता येत नाही आणि ज्याने सर्वस्व आधीच अर्पिले त्याला दंड करून सरकार काय मिळवणार? हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजींना कारावास घडला. त्याच सुमारास धार्मिक हक्कांसाठी आर्य समाजाचा सत्याग्रह झाला, आणि उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थी बाहेर पडले. स्टेट काँग्रेसचा झगडा मात्र जबाबदार राज्यपद्धतीसाठी होता. तो एका धर्माचा दुसऱ्या धर्माशी झगडा होऊ नये, याविषयी स्वामीजी दक्ष असत. १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह आणि १९४२ चे आंदोलन यांतही त्यांना तुरुंग चुकला नाही. १९४६ मध्ये बंदी उठली आणि स्टेट काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

१५ ऑगस्ट १९४७. साऱ्या देशात दीप उजळले, पण निजामाने स्वतंत्र राहण्याचा हट्ट धरला होता. तिरंगा फडकविल्याबद्दल स्वामीजींना त्याच दिवशी अटक झाली. नोव्हेंबरात जैसे थे करार झाला तेव्हा ते सुटले आणि जानेवारीत पुन्हा गजाआड गेले. बाहेर कासीम रझवीच्या रझाकारांनी धुमाकूळ घातला. ज्या पैनगंगेने कधी काळी सोयरे तोडले होते, तिच्याच पलीकडे, आता स्वतंत्र भारताचा भाग झालेल्या वऱ्हाडात, उमरखेडसारख्या ठिकाणी लढ्याची केंद्रे उभी राहिली. गावे उठून नदीपार गेली. इंग्रजांनी पैशाच्या हिशेबापोटी आखलेली रेघ अशा रीतीने पीडितांचा आसरा ठरली, हा काळाचा न्याय विलक्षणच! हैदराबादेत निजामशाहीचा जुलूम निर्भयपणे लिहिणारे संपादक शोएबुल्लाखान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये ठार मारण्यात आले. ते मुसलमान होते, हे विसरता कामा नये.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या. पाचव्या दिवशी, अनंत चतुर्दशीस, सारे आटोपले. स्वामीजींची मुक्तता झाली.

येथे चरित्रकार बहुधा लेखणी ठेवतात. परंतु त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात व शेजारच्या जिल्ह्यांत सूडाचे जे प्रकार घडले, त्यांत पुष्कळ निरपराध मुसलमानांचे प्राण गेले. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांना चौकशीसाठी पाठविले ते त्याच वर्षी. ज्या लढ्याला स्वामीजींनी धर्मद्वेषापासून जपले, त्याच्या विजयाला हा डाग लागला. सणाच्या दिवशी ही गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण संन्याशाचे चरित्र सांगताना सत्य झाकणे हेही पापच.

स्वामीजींनी मंत्रिपद घेतले नाही. १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. हैदराबाद राज्य मोडून भाषेप्रमाणे प्रांत व्हावेत, हा आग्रह त्यांनी धरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य नकाशावरून गेले आणि मराठवाडा मराठी बांधवांत आला. ज्या राज्यात आपण नेते होतो, तेच राज्य नाहीसे करण्यासाठी झटणारा नेता विरळाच. नांदेडचे पीपल्स कॉलेज त्यांच्या शिक्षणप्रेमाची साक्ष देत उभे आहे. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांनी देह ठेवला. तेथे बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. १९९४ साली, मुक्तिदिनीच, नांदेडला विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला त्यांचे नाव मिळाले. शिरड शहापूरची मुलेही आज त्याच विद्यापीठाच्या पदव्या घेतात, आणि त्यांच्या घरच्या जमिनीचा सातबारा मराठीत असतो.