पेनी टपालाचा हिशेबनीस

ज्या गृहस्थाने ब्रिटनच्या टपालखात्याची सर्वांत मोठी पुनर्रचना घडवून आणली, त्याने आपली योजना लिहिली तेव्हा कोणत्याही टपालकचेरीच्या आत पाऊलदेखील ठेवलेले नव्हते. रोलंड हिल हे पेशाने शिक्षक. टपालखात्याशी त्यांचा संबंध एवढाच, की इतर कोणत्याही मध्यमवर्गीय कुटुंबाप्रमाणे पत्राचे हशील त्यांच्याही घराला जड जात असे. ३ डिसेंबर १७९५ रोजी किडरमिन्स्टर येथे त्यांचा जन्म झाला. त्या काळी पत्राचे पैसे बहुधा पाठविणाऱ्याने नव्हे, तर ते स्वीकारणाऱ्याने द्यावयाचे असत. त्यामुळे दारावर पोस्टमनची थाप पडली, की हिल यांच्या आईच्या काळजात धस्स होई. एकदा तर हशिलासाठी तीन शिलिंग उभे करावयास लहानग्या रोलंडला जुन्या चिंध्यांची पिशवी विकावयास पाठविण्यात आले होते.

वडील थॉमस राइट हिल हे शाळा चालवीत. अगदी कोवळ्या वयातच रोलंड त्या शाळेत शिकवू लागले, आणि पुढे बर्मिंगहॅमजवळच्या हेझलवुड शाळेत त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती शाळेचा कारभार सोपविण्याचा प्रयोग केला. चक्राकार छपाईयंत्राची रचना, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीची योजना अशा नाना उद्योगांत त्यांचे डोके चाले. या माणसाच्या विचाराची जातच यांत्रिकाची होती. कोणतीही व्यवस्था दिसली, की तिचे सुटे भाग करून प्रत्येक भागावर खर्च किती पडतो, हे पाहिल्याविना त्यांना चैन पडत नसे.

टपालखात्याकडे ते वळले ते अशाच एका विसंगतीमुळे. १८१५ ते १८३५ या वीस वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली, व्यापार वाढला, प्रवासी घोडागाड्यांवरील कराचे उत्पन्न तर दुपटीहून अधिक झाले. परंतु टपालाचे उत्पन्न जेथल्या तेथेच, किंबहुना किंचित घटलेले. मागणी वाढत असताना उत्पन्न वाढत नसेल, तर दोष दरात असला पाहिजे, हे अनुमान त्यांनी काढले. रॉबर्ट वॉलेस हे संसदसदस्य टपालखात्याच्या कारभारावर दीर्घकाळ टीका करीत होते. त्यांनी सरकारी अहवालांचा एक भला थोरला गठ्ठा हिल यांच्या स्वाधीन केला. हे अहवाल सर्वांसाठी खुले होते. ते आकडे जुळवून पाहण्याची तसदी मात्र कोणी घेतली नव्हती.

त्यातून निघालेला हिशेब आजही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हातात कागद घेऊन करून पाहावा असा आहे. लंडनहून एडिंबरोपर्यंत, म्हणजे सुमारे चारशे मैल, टपालगाडीच्या एका फेरीला पाच पौंड खर्च येई. त्या गाडीतील टपालाचे वजन सुमारे सहा हंड्रेडवेट. पाव औंसाच्या एका पत्राच्या वाट्याला वाहतुकीचा खर्च येतो तो एका पेनीचा छत्तिसावा भाग! आणि या पत्राला हशील मात्र एक शिलिंगाहून अधिक. मग पैसा जातो कोठे? तो जातो पत्र हाताळण्यात. पत्रात कागद एक की दोन हे कारकुनाने दिव्यासमोर धरून पाहावयाचे, अंतर मोजून दर लावावयाचा, त्याची नोंद ठेवावयाची, पोस्टमनने दारोदार थांबून पैसे वसूल करावयाचे, आणि घरच्यांनी पत्र नाकारले तर ते परत आणावयाचे. दरपत्रक गुंतागुंतीचे म्हणून कारकून अधिक, कारकून अधिक म्हणून दर चढे, असे ते दुष्टचक्र होते.

यावर हिल यांनी १८३७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत सुचविलेला उपाय विलक्षण सरळ होता. अंतर खर्चाला कारण होत नसेल, तर अंतराप्रमाणे दर लावण्याचे प्रयोजनच उरत नाही. वजनाप्रमाणे आकारणी करावी, अर्ध्या औंसाला एक पेनी, आणि ती आगाऊ भरून घ्यावी. आगाऊ भरणा झाल्याचा पुरावा म्हणून शिक्का असलेले पाकीट, अथवा मागे डिंक लावलेला कागदाचा छोटा तुकडा. म्हणजे आपण ज्याला टपालाचे तिकीट म्हणतो ते. या तिकिटाचे जनकत्व कोणाचे, हिल यांचे की डंडीच्या जेम्स चामर्स यांचे, यावर पुढे पुष्कळ शाई खर्ची पडली. वस्तुतः तिकीट हे या योजनेतले गौण साधन होते. खरी क्रांती सरसकट दराची आणि आगाऊ भरण्याची होती.

टपालखात्याने योजनेला कडवा विरोध केला. खात्याचे प्रमुख लॉर्ड लिचफील्ड यांना ती वेडगळपणाची कल्पना वाटली, आणि सचिव कर्नल मेबर्ली शेवटपर्यंत विरोधात राहिले. परंतु वॉलेस यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीपुढे साक्षी होऊ लागल्या, तेव्हा चोरट्या मार्गाने किती पत्रे जातात हे उघड झाले. व्यापारी पत्रे गाडीवाल्यांकरवी आणि मालाच्या गठ्ठ्यांतून पाठवीत. गरिबांना पत्र लिहिणेच परवडत नव्हते, आणि संसदसदस्यांचे टपाल मात्र फुकट जात होते. लंडनच्या व्यापाऱ्यांनी समिती स्थापन केली, संसदेकडे दोन हजारांहून अधिक अर्ज गेले आणि ऑगस्ट १८३९ मध्ये कायदा झाला. १० जानेवारी १८४० पासून एक पेनीचा दर सुरू झाला. फुकट टपालाची सवलत संपली. खुद्द राणी व्हिक्टोरियानेही ती सोडली. मे महिन्यात काळे पेनी तिकीट विक्रीस आले.

पुढे जे घडले ते हिल यांच्या चाहत्यांच्या लेखनात बहुधा दोन ओळींत उरकले जाते. पहिल्या वर्षी पत्रांची संख्या दुपटीहून अधिक झाली, सुमारे ७ कोटी ६० लाखांवरून सुमारे १६ कोटी ९० लाखांवर. परंतु टपालाचे निव्वळ उत्पन्न सोळा लाख पौंडांवरून पाच लाखांच्या आसपास कोसळले, आणि ते पूर्वपदावर यावयास दोन दशकांहून अधिक काळ लागला. हिल यांनी पाचपट पत्रांची अपेक्षा धरली होती. ती खरी ठरली, पण १८५० च्या दशकात. मागणी लवचीक आहे हे त्यांनी बरोबर ओळखले. ती किती वेगाने लवेल याचा अंदाज मात्र चुकला. लोकांना पत्र लिहिण्याची सवय लागावी लागते, तीही साक्षरता असेल तर, आणि या गोष्टी अंदाजपत्रकी वर्षात बसत नाहीत. सरकारी तिजोरीला एवढा धीर नसतो. १८४१ मध्ये पील यांचे मंत्रिमंडळ आले आणि १८४२ मध्ये हिल यांची अर्थखात्यातील नेमणूक संपविण्यात आली. योजनेचे दराचे अंग तेवढे अमलात आले होते. वाटपाच्या वाढत्या फेऱ्या, कारभारातील काटकसर हे भाग, ज्यांच्यावर तिचा आर्थिक तोल अवलंबून होता, ते तसेच राहिले. अर्धवट राबविलेल्या योजनेच्या अपयशाचे खापर योजकाच्या माथी मारावयाचे, हा प्रशासनाचा जुना रिवाज येथेही पाळला गेला.

मधल्या काळात हिल यांनी लंडन-ब्रायटन रेल्वेचा कारभार पाहिला आणि तेथे जलदगाड्या व सहलीच्या गाड्या सुरू केल्या. १८४६ मध्ये जनतेने वर्गणी काढून त्यांना तेरा हजार पौंड अर्पण केले. त्याच वर्षी ते टपालखात्यात परतले, आणि १८५४ मध्ये मेबर्ली यांच्या जागी सचिव झाले. लंडनची टपालविभागणी त्यांच्याच कारकीर्दीतली. मात्र अधिकारी म्हणून ते लोकप्रिय नव्हते. आपल्या भावाला त्यांनी खात्यात आणले, पोस्टमनच्या वेतनाबाबत हात आखडता ठेवला, आणि मतभेद त्यांना सहन होत नसे. खात्यात नोकरीस असलेले कादंबरीकार अँथनी ट्रॉलप यांचे आणि त्यांचे कधीच जमले नाही.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एक पेनीचा सरसकट दर हिल यांच्या मूळ योजनेत प्रत्येक खेड्यासाठी नव्हता. टपालाची ठाणी असलेल्या शहरांमधील वाहतूक आणि तेथून आडगावी होणारे वाटप असे दोन भाग त्यांनी पाडले होते. पहिल्याला एक पेनी. दुसऱ्याचा खर्च वेगळा, तो त्या त्या भागाने वेगळा सोसावा. हिशेबाच्या दृष्टीने हे सुसंगतच होते, कारण आडगावच्या पत्रामागे पोस्टमनची पायपीट मोठी आणि पत्रे थोडी. देशातील प्रत्येक घराला विनाअधिभार पत्र पोहोचविण्याची हमी ब्रिटनमध्ये आली ती १८९७ साली, हिल यांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी, आणि ती हिशेबाने नव्हे तर राजकीय निर्णयाने. डेन्मार्कच्या टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस पत्रवाटप बंद केले. तेथे हिल यांचेच गणित उलट्या दिशेने फिरले : पत्रे घटली, पोस्टमनची फेरी तेवढीच राहिली, आणि प्रत्येक पत्रामागचा खर्च चढत गेला. अशा वेळी आडगावच्या वाटपाचा भार कोणी उचलावयाचा, याचे उत्तर १८३७ च्या पुस्तिकेत शोधणाऱ्यास ते गैरसोयीचेच सापडेल.

हिंदुस्थानात ही पद्धत आली ती हिल सचिव झाले त्याच वर्षी. तोवर मुंबईहून कलकत्त्याला तोळाभर वजनाचे पत्र धाडावयास रुपया पडे. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्राला कोठेही अर्धा आणा असा दर लागू झाला. त्याआधी १८५२ मध्ये सिंधमध्ये तिकिटे काढणारे बार्टल फ्रियर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. बैरंग पत्रे येथे पुढेही बराच काळ चालली. आगाऊ भरण्यापेक्षा त्यांचा दर दुप्पट ठेवून लोकांना तिकिटाकडे वळविण्यात आले.

प्रकृती ढासळलेली आणि वरिष्ठांशी मतभेद विकोपाला गेलेले, अशा अवस्थेत हिल यांनी १८६४ मध्ये निवृत्ती पत्करली. संसदेने त्यांना वीस हजार पौंड दिले, आणि दोन हजार पौंडांचे वार्षिक वेतन तहहयात चालू ठेवले. २७ ऑगस्ट १८७९ रोजी हॅम्पस्टेड येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.