विश्लेषण : भूकंपाला आकडा देणारे चार्ल्स रिश्टर भाकितांच्या विरोधात का होते?

किल्लारीच्या भूकंपाच्या सुमारे वर्षभर आधी धक्क्यांची मालिका झाली होती. ती धोक्याची घंटा होती, हे आधी ओळखता आले असते का? ज्यांच्या नावाने आपण भूकंप मोजतो, त्या रिश्टर यांच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

सोलापूर : एप्रिल २०२५ मध्ये सांगोला परिसरात २.६ तीव्रतेचा सौम्य भूकंप नोंदवला गेला. असा लहानसा धक्का बसला तरी सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात किल्लारीची आठवण निघते. पाठोपाठ दोन प्रश्न येतात. किती रिश्टरचा होता? आणि आता मोठा येणार का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये शोधून दिले. दुसऱ्या प्रश्नाचे छातीठोक उत्तर देणाऱ्यांवर ते आयुष्यभर चिडत राहिले. ३० सप्टेंबर १९८५ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. बरोबर आठ वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे. पण रिश्टर यांनी जे सांगितले होते, ते त्या पहाटे आपल्याच भागात खरे ठरले.

कोण होते चार्ल्स रिश्टर?

जन्म २६ एप्रिल १९०० चा, अमेरिकेतील ओहायो राज्यातला. आई-वडील वेगळे झाले होते. आजोबांनी सांभाळ केला आणि १९०९ मध्ये कुटुंब लॉस एंजेलिसला आले. मुलगा हुशार, पण अबोल आणि हळवा होता. आकाशातले तारे पाहण्याचा त्याला नाद होता.

स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९२० मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतरचा काळ कठीण गेला. मानसिक त्रासामुळे त्यांना उपचार घ्यावे लागले. मधल्या काळात त्यांनी गोदामातही काम केले. पुढे पॅसाडिना येथील कॅलटेक संस्थेत नोबेल विजेते रॉबर्ट मिलिकन यांची व्याख्याने ऐकली आणि गाडी पुन्हा रुळावर आली. १९२८ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. तिचा विषय होता अणूची रचना. भूकंपाशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

मिलिकन यांनीच १९२७ मध्ये त्यांना पॅसाडिनाच्या भूकंप प्रयोगशाळेत नोकरी सुचवली. रिश्टर यांचा ओढा सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे होता, पण त्यांनी हे काम स्वीकारले आणि पुढचे सगळे आयुष्य त्यातच गेले. १९२८ मध्येच त्यांचे लिलियन ब्रँड यांच्याशी लग्न झाले.

आकड्याची गरज का पडली?

त्या काळी भूकंप मोजायचा तो परिणामांवरून. लोक जागे झाले का, भांडी पडली का, भिंती कोसळल्या का, हे पाहून त्याला श्रेणी दिली जायची. ही मर्कली पद्धत आजही वापरात आहे. पण तिची एक अडचण होती. ओसाड माळरानाखाली मोठा भूकंप झाला, तर नोंदवायला तिथे कोणीच नसते. गावाखाली लहान भूकंप झाला, तर तोच मोठा वाटतो.

दक्षिण कॅलिफोर्नियात दरवर्षी शेकडो भूकंपांची नोंद होत होती. प्रयोगशाळेला त्यांची यादी प्रसिद्ध करायची होती. कोणता लहान आणि कोणता मोठा, हे सांगायचे कसे?

रिश्टर यांनी यंत्राच्या नोंदी घेतल्या. भूकंपमापक कागदावर जी नागमोडी रेघ काढतो, तिची सर्वाधिक उंची मोजायची आणि केंद्र किती लांब आहे याचा हिशेब त्यात धरायचा, अशी ही कल्पना होती. जपानचे कियू वादाती यांनी त्या दिशेने आधी काम केले होते. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या रेघांत इतका फरक होता की त्या एका आलेखावर मावत नव्हत्या. तेव्हा सहकारी बेनो गुटेनबर्ग यांनी लॉगॅरिदम वापरण्याचा सल्ला दिला. मॅग्निट्यूड हे नाव प्रयोगशाळेचे प्रमुख हॅरी वूड यांनी सुचवले. ताऱ्यांच्या तेजासाठी खगोलशास्त्रात हाच शब्द वापरतात. ताऱ्यांचा नाद असलेल्या रिश्टर यांना तो लगेच पटला.

ठरलेल्या प्रकारच्या यंत्रावर १०० किलोमीटर अंतरावरून १ मिलिमीटरची रेघ उमटली, तर तो ३ चा भूकंप. १० मिलिमीटरची उमटली, तर ४ चा. सोलापूर ते किल्लारी हे सरळ रेषेतले अंतर साधारण ८५ किलोमीटर आहे. म्हणजे मोजपट्टीतले अंतर याच्या थोडेसे पुढचे.

२.६ आणि ६.२ मध्ये फरक किती?

हे आकडे साध्या फूटपट्टीसारखे नाहीत. आकडा एकाने वाढला की कंपनाची रेघ १० पट उंच होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते.

सांगोल्याचा धक्का २.६ चा होता. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता, काही नोंदींत तो ६.४ असाही आहे. फरक ३.६ चा धरला तर ढोबळ हिशेबाने किल्लारीची कंपने सुमारे ४ हजार पट मोठी होती आणि ऊर्जा सुमारे अडीच लाख पट. म्हणजे २.६ चा धक्का हा निम्म्याहून थोडा कमी किल्लारी नव्हे. त्याला किल्लारीच्या मापाने मोजताही येत नाही.

रिश्टर स्केल हे यंत्र नाही, गणित आहे. तरीही लोक ते यंत्र पाहायला मागायचे. आज मोठ्या भूकंपांसाठी शास्त्रज्ञ मोमेंट मॅग्निट्यूड ही १९७९ मध्ये मांडलेली सुधारित पद्धत वापरतात, कारण फार मोठ्या भूकंपांत जुनी मोजपट्टी अपुरी पडते. बातम्यांत मात्र रिश्टर हे नाव टिकून राहिले. वूड आणि गुटेनबर्ग यांना पुरेसे श्रेय मिळाले नाही, हे स्वतः रिश्टर मान्य करत.

धक्क्यांची मालिका म्हणजे मोठ्या भूकंपाची सूचना?

रिश्टर आणि गुटेनबर्ग यांनी १९४० च्या दशकात आणखी एक नियम मांडला. एखाद्या भागात ५ चा एक भूकंप होतो, तेव्हा ४ चे साधारण १० आणि ३ चे साधारण १०० होतात. या नियमावरून दीर्घ काळात धोका किती, याचा अंदाज बांधता येतो. पण पुढचा धक्का कोणत्या दिवशी आणि किती मोठा, हे त्यातून कळत नाही.

महाराष्ट्राचीच उदाहरणे पाहा. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शंभरहून अधिक धक्के जाणवले. लोक घाबरले. मग धक्के कमी झाले, भीतीही ओसरली. पुढच्या सप्टेंबरमध्ये, गणपती विसर्जनानंतर गावे झोपेत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मोठा भूकंप झाला.

पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून अशीच मालिका सुरू झाली. लोक थंडीत घराबाहेर तंबूंत झोपले. तिथले सर्वांत मोठे धक्के ४ च्या आसपास राहिले. कोयना धरण परिसरात तर १९६० च्या दशकापासून धक्के बसत आहेत. ११ डिसेंबर १९६७ रोजी तिथे ६.३ चा भूकंप झाला, त्यानंतर इतका मोठा पुन्हा झालेला नाही.

तिन्ही ठिकाणी सुरुवात सारखीच, लहान धक्क्यांची. शेवट मात्र तीन वेगवेगळे. सुरुवात पाहून शेवट सांगता येत नाही, ही खरी अडचण आहे.

मग ज्वालामुखी जागा होतोय का?

जमिनीतून गडगडाट ऐकू आला की ही शंका येतेच. शिवाय आपण काळ्या पाषाणावर राहतो आणि तो थिजलेला लाव्हा आहे, हे शाळेत शिकवलेले असते. पण दख्खनचा हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तो ओतणारा उष्ण स्रोत भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकल्यामुळे मागे राहिला. आज तो हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली मानला जातो. किल्लारीत भूकंपानंतर छिद्र पाडले तेव्हा सुमारे ३४० मीटरवर लाव्ह्याचे थर संपले आणि त्याखाली जुना खडक लागला. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानजवळच्या बॅरन बेटावर आहे. सोलापूर-लातूरचे धक्के जुन्या खडकातल्या भेगा सरकल्यामुळे बसतात.

रिश्टर यांच्या कॅलिफोर्नियात मात्र ही भीती खरी होती. तिथे लाँग व्हॅली हा महाज्वालामुखी आहे. ७ लाख ६० हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकात तिथली जमीन खचून प्रचंड खोलगट भाग तयार झाला. मे १९८० मध्ये त्याच्या काठावरच्या मॅमथ लेक्स गावाजवळ ६ च्या आसपासचे चार भूकंप झाले. खोलगट भागाची जमीन फुगू लागली. आठवडाभर आधीच वॉशिंग्टन राज्यातील माउंट सेंट हेलेन्सचा उद्रेक होऊन ५७ जणांचा बळी गेला होता. त्याचीही सुरुवात धक्क्यांच्या मालिकेने झाली होती.

मे १९८२ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने मॅमथ लेक्ससाठी सर्वांत खालच्या पातळीचा इशारा दिला. तो अधिकृतपणे कळण्याआधीच वृत्तपत्रात छापून आला. पर्यटक घटले, घरांच्या किमती पडल्या, गावकरी शास्त्रज्ञांवर संतापले. गावातून बाहेर पडायला दुसरा रस्ता बांधला गेला. उद्रेक झाला नाही. यंत्रांची निगराणी आजही चालू आहे.

इशारा दिला आणि काही घडले नाही, तर लोकांचा विश्वास उडतो. दिला नाही आणि घडले, तर जीव जातात. धक्क्यांच्या मालिकेवर लक्ष ठेवणाऱ्या प्रत्येकाला या पेचातून जावे लागते.

रिश्टर यांचा राग कशावर होता?

१९७० च्या दशकात भूकंपाचे भाकीत लवकरच शक्य होईल, अशी हवा होती. फेब्रुवारी १९७५ मध्ये चीनमधील हाइचेंग येथे लहान धक्क्यांची मालिका ओळखून लोकांना बाहेर काढले गेले आणि मोठा भूकंप झाला. जगभर कौतुक झाले. पण जुलै १९७६ मध्ये चीनच्याच तांगशानमध्ये कोणत्याही इशाऱ्याविना भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार त्यात २ लाख ४० हजारांहून अधिक लोक मेले.

रिश्टर १९७० मध्ये निवृत्त झाले होते, पण गप्प नव्हते. १९७७ मध्ये अमेरिकेच्या भूकंपशास्त्र संस्थेचा सन्मान स्वीकारताना त्यांनी भाकिते करणारे हौशी, प्रसिद्धीला हपापलेले लोक आणि त्यांच्यामागे धावणारे पत्रकार यांच्यावर कठोर टीका केली. लोकांचे लक्ष तारखांकडे वळले की घरांकडे दुर्लक्ष होते, अशी त्यांची भूमिका होती.

हा माणूस भूकंपाबद्दल थंड नव्हता. घरच्या दिवाणखान्यात त्यांनी भूकंपमापक बसवला होता. धक्का बसला की पत्रकारांचे फोन सुरू व्हायचे आणि ते स्वतः माहिती द्यायचे. फेब्रुवारी १९७१ मध्ये पहाटे सॅन फर्नांडोचा भूकंप झाला, तेव्हा ते ओरडत उठले आणि घरातली मांजर घाबरली, असे सांगतात. तो कधी येणार हे त्यांनाही माहीत नव्हते.

मग जीव कशाने वाचतात?

याचे उत्तर रिश्टर यांना ऐन उमेदीत मिळाले होते. १० मार्च १९३३ रोजी संध्याकाळी पॅसाडिनापासून जवळच्या लाँग बीच येथे ६.४ चा भूकंप झाला. सुमारे १२० जण दगावले. विटांच्या अनेक शाळा कोसळल्या. शाळा सुटल्या होत्या म्हणून मुले वाचली. महिनाभरात कॅलिफोर्नियाने शाळांच्या बांधकामासाठी कडक कायदा केला. पुढे रिश्टर यांनी सुरक्षित बांधकामाचा आग्रह कायम धरला. सार्वजनिक इमारतींवरचे पडू शकणारे शोभेचे दगडी काम काढून टाकावे, यासाठीही ते बोलत राहिले.

आता किल्लारी पाहा. भूकंपाचा आकडा जवळपास तोच. मृत्यू सुमारे १० हजार. वेळ पहाटेची होती, लोक घरात होते आणि भूकंप जमिनीखाली फार खोल नव्हता. पण सर्वांत मोठे कारण घरे होती. जाड दगडी भिंती, सांध्यांत नुसती माती आणि वर माळवदाचा जड मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच घरे हादऱ्यात ढासळली आणि माणसे मातीखाली गाडली गेली. त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. २००२ च्या नकाशात झोन एक रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर झोन तीनमध्ये गेला.

किल्लारीच्या पुनर्वसनात भूकंपरोधक बांधकामावर भर दिला गेला. पण सोलापूर जिल्ह्यातल्या अनेक गावांत माळवदाची जुनी घरे आजही उभी आहेत. त्यांची डागडुजी करताना भिंतींच्या वरच्या बाजूने सलग काँक्रीटचा पट्टा घालणे, कोपरे एकमेकांत बांधून घेणे आणि छपरावरची जादा माती उतरवणे, एवढे केले तरी धोका बराच कमी होतो.

पुढचा धक्का जाणवला की मोबाइलवर काही वेळात आकडा येईल. तो बरोबर असेल. त्यासोबत पुढच्या भूकंपाची तारीख आली, तर ती पुढे पाठवू नये. आकडा वाचून झाला की एकदा वर, आपल्या छपराकडे पाहावे.