अध्यक्ष का पेंगायचे?

माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांना त्यांनी झोपेविषयी प्रश्न विचारले आणि त्यांपैकी २५० जणांची रात्रभराची झोप यंत्र लावून घरीच तपासली. स्वतःला ठणठणीत समजणाऱ्या या वयोगटात साडेसात टक्के पुरुषांना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडकून दिवसा पेंग येण्याचा आजार असावा, असा अंदाज त्यातून निघाला. पण घोरणं आणि पेंगणं आपल्याकडे चेष्टेचा विषय. एका माणसाची तर ही चेष्टा शंभर वर्षं चालू आहे. ते म्हणजे अमेरिकेचे २७ वे अध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट.

टाफ्ट यांचा जन्म १८५७ चा, सिनसिनाटीचा. घरात वकिली, स्वतःही वकील, मग न्यायाधीश. त्यांना मनापासून व्हायचं होतं सरन्यायाधीश. पत्नीला आणि मित्र थिओडोर रूझवेल्टना मात्र त्यांच्यात अध्यक्ष दिसत होता. १९०९ मध्ये ते अध्यक्ष झाले. तोवर त्यांनी एका इंग्रज डॉक्टरच्या सल्ल्याने पत्रातून पथ्य घेऊन पंचवीस-तीस किलो वजन उतरवलं होतं आणि पुन्हा चढवलंही होतं. व्हाइट हाउसमध्ये काटा दीडशे किलोच्या पुढे गेला.

आणि झोप! पाहुण्यांशी बोलताना, जेवणाच्या टेबलावर, पत्ते खेळताना, अंत्यविधीत पहिल्या रांगेत बसलेले असतानाही त्यांचा डोळा लागे. त्यांचे लष्करी सहायक मेजर आर्चिबाल्ड बट यांनी घरी लिहिलेल्या पत्रांत हे सगळं नोंदवलं आहे. (हे बट पुढे १९१२ मध्ये टायटॅनिकवर बुडाले.) घोरणं दणदणीत, रक्तदाबाचा वरचा आकडा २१० च्या घरात. लोकांनी अर्थ लावला: माणूस सुस्त आहे. १९१२ च्या निवडणुकीत ते तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. त्याची कारणं राजकीय होती, पण सुस्तपणाचा शिक्का तेव्हापासून पुसला गेलेला नाही. बाथटबमध्ये अडकल्याची गोष्टही त्यातलीच. तिला भक्कम पुरावा नाही.

घडत काय होतं? झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. मानेभोवती चरबी जास्त असली की श्वासाची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागं करतो. रात्रीत शेकडो वेळा. सकाळी आठवत काहीच नाही. हे १९६५ साली कळलं आणि टाफ्ट यांच्या लक्षणांची या दृष्टीने सविस्तर छाननी एका डॉक्टरने २००३ मध्ये केली. उपाय आला १९८१ मध्ये. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरने नाकातून हवेचा हलका दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवली. तेच आजचं सीपॅप मशीन.

समजा, टाफ्ट आज माहीमला तपासणीला आले असते. आधी झोपेची चाचणी. तासाला किती वेळा श्वास अडकतो तो आकडा पाच ते पंधरा असेल तर आजार सौम्य, तीसच्या वर तीव्र. मशीन त्यानंतर. साध्या सीपॅपचा दाब एकच ठरलेला असतो, ऑटो सीपॅप गरजेनुसार तो कमी-जास्त करतं. वजनामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर मात्र श्वास घेताना आणि सोडताना वेगळा दाब देणारं बायपॅप लागू शकतं. हे दुकानदाराने नव्हे, डॉक्टरांनी ठरवायचं. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर इथे चालत नाही. तो घशाची वाट उघडत नाही.

खरी पंचाईत मास्कची झाली असती. टाफ्ट यांच्या मिशा झुपकेदार, मास्क टेकणार कुठे? हवा गळली की दाब मिळत नाही, डोळे चुरचुरतात आणि मशीन माळ्यावर जातं. अशांना नाकपुड्यांशी बसणाऱ्या मऊ उशा बऱ्या पडतात. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्याला नाक-तोंड झाकणारा मास्क. म्हणून आधी भाड्याने घ्या, दोन-तीन मास्क लावून झोपून पाहा, मशीनमधली नोंद डॉक्टरांना दाखवा. फिल्टर आणि मास्क सहज मिळतात का, हेही विचारा. हवा दमट करणारी टाकी एसीत उपयोगी पडते, पण तिच्यातलं पाणी डिस्टिल्ड हवं आणि रोज बदलायला हवं.

टाफ्ट यांच्याकडे यातलं काही नव्हतं. पद सोडल्यावर ते येल विद्यापीठात कायदा शिकवू लागले आणि वर्षभरात त्यांनी तीसेक किलो वजन घटवलं. पेंग गेली. १९२१ मध्ये ते अखेर सरन्यायाधीश झाले. ही दोन्ही पदं भूषवणारे ते एकमेव. वॉशिंग्टनमध्ये ते न्यायालयात चालत जात. त्या वाटेवरच्या पुलाला आज त्यांचं नाव आहे. पण हृदयाचे ठोके अनियमित झाले होते. फेब्रुवारी १९३० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ८ मार्चला, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.