कै. हरिभाऊ आपटे आणि कादंबरीचा शेवट

चांदूर रेल्वेहून आगगाडीने अकोल्यास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल की, १९१२ साली त्या नगरीत मराठी साहित्य संमेलन भरले होते, आणि त्याचे अध्यक्षस्थान थोर कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनी भूषविले होते.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक व आगरकर यांच्यासारखे गुरू त्यांस लाभले. इंग्रजी कादंबऱ्यांचे वाचन दांडगे. परंतु गणिताशी वैर, त्यामुळे पदवी काही पदरी पडली नाही. (गणितात कच्च्या असलेल्या विद्यार्थ्यांनी यावरून भलताच बोध घेऊ नये!) त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली पुण्यास आनंदाश्रम ही संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध करणारी संस्था स्थापिली. तिचा कारभार हरिभाऊंनी निष्ठेने चालविला.

१८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले, आणि त्यातून 'पण लक्ष्यांत कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. यमू नावाची स्त्री स्वतःच आपली कर्मकहाणी सांगते. त्या वेळच्या वाचकास शेवटचे पान उलटून पाहण्याची सोयच नव्हती. कारण ते पान अद्याप छापलेच नव्हते! यमूचे पुढे काय होणार, या चिंतेत पुढील अंकाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे.

येथे आमचा एक अपराध कबूल केला पाहिजे. एकदा वर्गात या कादंबरीची थोरवी सांगण्याच्या भरात आम्ही तिचा शेवटही सांगून टाकला. दुसऱ्याच दिवशी एका विद्यार्थ्याने अर्धे वाचलेले पुस्तक मुकाट्याने आणून दिले. 'आता वाचून काय करू?' हा त्याच्या मुद्रेवरील प्रश्न आम्ही विसरलो नाही.

कोणी म्हणेल, 'गड आला पण सिंह गेला' या हरिभाऊंच्या कादंबरीचा शेवट तर नावातच आहे. तरी ती आवडीने वाचतातच की! खरे आहे. तानाजी १६७० साली सिंहगडावर पडला, हे सर्वांस ठाऊक असते. तेथे कुतूहल असते ते हे सारे कसे घडले याचे. परंतु यमूला इतिहासात स्थान नाही. तिची ओळख पानापानानेच व्हावयाची, आणि अशी पहिली ओळख जन्मात एकदाच होते.

असली दुःखाची पुस्तके मुलांच्या हाती का द्यावी, असे काही पालक आम्हांस विचारतात. त्यांस आमची विनंती एवढीच की, हरिभाऊंस समाजाचे डोळे उघडावयाचे होते. यमूचे दुःख एका वाक्यात ऐकले, तर ती नुसती बातमी होते. तिच्याबरोबर आशा धरीत, भीत, चुकत पुढे गेलो, म्हणजे तेच दुःख आपले होते, आणि मग शेजारघरचे अश्रूही दिसू लागतात. शेवट आधीच सांगणारा वाचकाची करमणूक तर हिरावतोच, पण ही करुणाही हिरावून नेतो.

३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊ निवर्तले. त्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या. त्यांचा शेवट कोणासच सांगता येणार नाही. ज्या पूर्ण आहेत, त्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचाव्या, मित्रांजवळ त्यांची मनमुराद स्तुती करावी, आणि शेवटाविषयी मात्र तोंडास कुलूप घालावे. आम्हीही आता तेच करतो.