धन्य आंतोनियो रोस्मिनी : धर्मगुरु, तत्त्ववेत्ते व शिक्षक



आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिली-महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत देवालयाचा इतिहास व पूर्वजांच्या आठवणी आपण वाचालच. परंतु ज्युबिली म्हणजे केवळ गतकालाचा गौरव नव्हे. जुन्या करारांत सांगितलेल्या ज्युबिली वर्षीं दास मुक्त होत, व ज्याचें वतन परक्याच्या हातीं गेलें असेल त्यास तें परत मिळे. ज्यांचें सुनांव हेंच वतन हिरावलें गेलें होतें, व ज्यांना तें मरणानंतर जवळजवळ दीड शतकानें परत मिळालें, अशा एका धर्मगुरूचें चरित्र आम्ही आपणांपुढें ठेवीत आहों.

आंतोनियो रोस्मिनी ह्यांचा जन्म २४ मार्च १७९७ रोजीं आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या रोव्हेरेतो गांवीं झाला. दुसऱ्याच दिवशीं, देवदूताच्या निरोपाच्या सणीं, त्यांचा बाप्तिस्मा झाला. घराणें कुलीन व श्रीमंत होतें. हा मुलगा जमीनदारी सांभाळील अशी वडिलांची अपेक्षा होती. परंतु सोळाव्या वर्षींच, परमेश्वरावांचून दुसरें खरें ज्ञान नाहीं, अशी त्यांची खात्री होऊन चुकली, व तसें त्यांनीं आपल्या रोजनिशींत नमूद करून ठेविलें. पुढें पादुआ येथील विद्यापीठांत त्यांनीं धर्मशास्त्राचें अध्ययन केलें. १८२० सालीं वडील निवर्तले व मोठी मालमत्ता त्यांच्या हातीं आली. १८२१ च्या एप्रिल महिन्यांत त्यांस गुरुदीक्षा मिळाली. धन, कुल व बुद्धि हीं तिन्ही ज्यांस एकदम लाभलीं त्यांस मोह थोडे नसतात. परंतु त्यांनीं दोन नियम करून घेतले. पहिला, आपण होऊन कोणत्याहि मोठ्या कार्यास हात घालावयाचा नाहीं. आधीं आपलें अंतःकरण शुद्ध करीत राहावयाचें. दुसरा, देवाच्या योजनेनें जें काम समोर येईल, तें मात्र कितीहि कठीण असलें तरी नाकारावयाचें नाहीं.

ह्याच नियमास अनुसरून १८२८ सालच्या उपवासकाळांत ते दोमोदोस्सोला जवळील कालव्हारी टेंकडीवर जाऊन राहिले. तेथें प्रार्थना व तपश्चर्या करीत असतां त्यांनीं एका नव्या संघाची घटना लिहून काढिली. ह्या संघास त्यांनीं प्रीतीचा संघ असें नांव दिलें. शेजाऱ्यावरील प्रीति तीन प्रकारची आहे, असें ते शिकवीत : भुकेल्याच्या शरीराची सेवा, अज्ञानी मनाची सेवा व आत्म्याची सेवा. ह्यांतील एकहि प्रकार त्यांनीं आपल्या संघास वर्ज्य केला नाहीं. पोप सोळावे ग्रेगरी ह्यांनीं १८३९ सालीं ह्या संघास विधिपूर्वक मान्यता दिली. १८३२ सालीं सुरू झालेल्या धर्मभगिनींच्या शाखेनें खेडोपाडीं गरीब मुलांस शिकविण्याचें काम हातीं घेतलें. १८३५ सालीं लुइजी जेंतिली ह्या धर्मगुरूंस त्यांनीं इंग्लंडांत पाठविलें. जेंतिली ह्यांनीं तेथें गांवोगांव प्रवचनें करून पुष्कळ लोकांस पुन्हां श्रद्धेकडे वळविलें, व अशीच सेवा करीत असतां १८४८ सालीं डब्लिन शहरीं तापानें त्यांचें देहावसान झालें.

१८२९ सालीं पोप आठवे पायस ह्यांनीं रोस्मिनी ह्यांस भेटींत असें सुचविलें कीं, त्यांचें मुख्य काम ग्रंथलेखनाचें आहे. कारण त्या काळचे लोक बुद्धीच्या मार्गानेंच धर्माकडे परत येण्याजोगे होते. पुढच्याच वर्षीं कल्पनांच्या उगमाविषयींचा त्यांचा मोठा ग्रंथ रोममध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतील मुख्य विचार आम्ही आमच्या रीतीनें सांगतों. अंधाऱ्या खोलींत भांडीकुंडीं असलीं तरी दिवा नसेल तर तीं दिसत नाहींत. तसेंच इंद्रियें आपणांस नाना वस्तू आणून देतात. परंतु कांहींतरी आहे, हें जाणणारा प्रकाश मनांत आधींच नसेल, तर त्यांचें ज्ञान होणार नाहीं. हा अस्तित्वाचा प्रकाश देवानें प्रत्येक मनुष्याच्या बुद्धींत ठेविला आहे, असें रोस्मिनी ह्यांचें मत होतें. म्हणून राजा असो वा रंक असो, मनुष्याची योग्यता कोणतेंहि सरकार देऊं शकत नाहीं व काढूनहि घेऊं शकत नाहीं.

शिक्षणाविषयींचे त्यांचे विचारहि ह्याच मुळांतून निघाले. बालकाचें मन पायरीपायरीनें वाढतें; जी पायरी त्यानें चढलेली नाहीं तीवरील गोष्ट त्याच्या माथीं मारली तर तें पोपटपंची शिकतें, समजत कांहींच नाहीं. म्हणून त्यास ज्ञात असेल तेथून अज्ञाताकडे न्यावें, असें त्यांनीं प्रतिपादिलें. ह्या विषयावरील त्यांचा अपुरा राहिलेला ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८५७ सालीं प्रसिद्ध झाला.

आतां त्यांच्या दुःखाची कथा. १८३२ सालीं त्यांनीं ख्रिस्तसभेच्या पांच जखमांविषयीं एक छोटें पुस्तक लिहावयास घेतलें. क्रुसावरील प्रभूच्या पांच जखमांप्रमाणें त्याच्या ख्रिस्तसभेसहि पांच जखमा झाल्या आहेत, असें त्यांनीं त्यांत दाखविलें : उपासनेंत भाविक व धर्मगुरु ह्यांच्यांत पडलेलें अंतर, धर्मगुरूंचें अपुरें शिक्षण, बिशपांमधील दुरावा, बिशपांच्या नेमणुकींत राजेरजवाड्यांचा हात, आणि ख्रिस्तसभेच्या मालमत्तेमुळें तिच्यावर आलेली गुलामगिरी. लॅटिन भाषा टाकून द्यावी असें त्यांचें म्हणणें नव्हतें. परंतु वेदीपाशीं काय चाललें आहे तें लोकांस शिकवावें, त्यांस मुके प्रेक्षक करून ठेवूं नये, अशी त्यांची कळकळ होती. हें हस्तलिखित त्यांनीं कित्येक वर्षें पेटींत ठेविलें, व १८४८ सालीं प्रसिद्ध केलें.

त्याच वर्षीं पिएमोंतच्या सरकारनें त्यांस पोप नववे पायस ह्यांजकडे रोमला पाठविलें. पोपमहाराजांचा त्यांच्यावर मोठा लोभ जडला, व कार्डिनलपदासाठीं तयार राहण्याची त्यांस सूचना मिळाली. परंतु नोव्हेंबर महिन्यांत रोममध्यें मंत्री रोस्सी ह्यांचा खून झाला, बंड माजलें, व पोपमहाराज गाएता येथें निघून गेले. रोस्मिनी त्यांच्या मागोमाग तेथें गेले. प्रजेस दिलेली राज्यघटना मोडूं नये, असा त्यांचा सल्ला होता. दरबारांतील बलवान मंडळींस तो रुचला नाहीं. १८४९ सालीं त्यांचीं दोन पुस्तकें निषिद्ध ग्रंथांच्या यादींत घालण्यांत आलीं. त्यांस बाजू मांडण्याची संधि मिळाली नाहीं, व कारणेंहि प्रसिद्ध झालीं नाहींत. कार्डिनलपदाची गोष्ट तेथेंच विरली.

आल्बानो येथें ही बातमी कळतांच रोस्मिनी ह्यांनीं निर्णय मान्य असल्याचें लिहून पाठविलें, व ते स्त्रेझा येथील आपल्या मठांत परतले. हा भ्याडपणा होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांनीं लेखणी टाकली नाहीं, विचार करणें सोडलें नाहीं. विरोधकांवर उलट चिखलफेक मात्र केली नाहीं. ज्या आईच्या जखमा त्यांनीं दाखविल्या, तिच्याच हातून आपणांस जखम झाली म्हणून ते घर सोडून गेले नाहींत. पुढें त्यांच्या सर्व ग्रंथांची तपासणी झाली, व १८५४ सालीं ते निर्दोष ठरवून सोडून देण्यांत आले.

१ जुलै १८५५ रोजीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं स्त्रेझा येथें देह ठेविला. तो रविवार होता व प्रभूच्या अमोल रक्ताचा सण होता. अखेरच्या आजारांत त्यांचे जिवलग मित्र, कादंबरीकार मांझोनी, समाचारास आले होते. आराधना, मौन व आनंद ह्या तीन गोष्टींचा वारसा त्यांनीं मित्रास दिला, असें परंपरा सांगते.

परंतु मृत्यूनेंहि वाद मिटला नाहीं. १८८७ सालीं, पोप तेरावे लिओ ह्यांच्या कारकीर्दींत, रोस्मिनी ह्यांच्या लिखाणांतून काढलेलीं चाळीस विधानें दोषी ठरविण्यांत आलीं. आम्ही सेमिनरींत तत्त्वज्ञान शिकत असतां त्यांचें नांव एकाच तासाला ऐकलें, व तेंहि टाळावयाच्या चुकांच्या यादींत. आम्हींहि तें निमूटपणें वहींत उतरून घेतलें, एक पान उघडून पाहिलें नाहीं, ह्याची आज खंत वाटते. १९९८ सालीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं श्रद्धा व बुद्धि ह्यांविषयींच्या आपल्या परिपत्रांत रोस्मिनी ह्यांचा आदरानें उल्लेख केला. १ जुलै २००१ रोजीं, कार्डिनल रॅटझिंगर ह्यांच्या सहीनें, रोमहून खुलासा निघाला कीं, त्या विधानांचा जो अर्थ दोषी ठरला तो रोस्मिनी ह्यांचा खरा अभिप्राय नव्हता. आणि १८ नोव्हेंबर २००७ रोजीं नोव्हारा येथें त्यांस धन्य ही पदवी देण्यांत आली. वतन मूळ धन्यास परत मिळालें.

बंधुभगिनींनो, १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत मातृभाषेस वाव दिला, व म्हणूनच आज आपण मिस्साबलिदानांत आपल्या मराठींत उत्तर देतों. तेव्हां त्या पहिल्या जखमेवरील मलमपट्टी आपल्या ओठांवर आहे, ह्याची जाणीव असूं द्या. धर्मग्रामांत आपली सूचना कोणी ऐकली नाहीं, आपला मान राखला गेला नाहीं, म्हणून रुसून दूर बसलेलीं कुटुंबें आम्हांस ठाऊक आहेत. त्यांतील कांहींचा रुसवा रास्त आहे, हेंहि आम्ही कबूल करतों. त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, सत्य बोला, पण घर सोडूं नका. आणि जे आम्ही वेदीपाशीं उभे आहों, त्या आम्हांस रोस्मिनी ह्यांचें चरित्र असें बजावतें कीं, कोणास दोषी ठरविण्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें. ह्या ज्युबिली वर्षीं ज्याचें त्यास परत करण्याची सुबुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो.