होंडांनी सोडलेली शर्यत

आमच्या जेऊरला स्टेशनबाहेर लावलेल्या मोटारसायकलींवर होंडा हे नाव मी लहानपणापासून वाचत आलोय. हे एका लोहाराच्या मुलाचं आडनाव आहे, हे मात्र इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं.

सोइचिरो होंडा 1906 साली जपानमधल्या हमामात्सुजवळच्या एका खेड्यात जन्मले. वडील भाता चालवायचे, सायकली दुरुस्त करायचे. पोराचं शाळेत लक्ष नव्हतं. 1922 मध्ये ते टोकियोच्या एका गॅरेजात उमेदवारीला लागले आणि तिथेच रेसिंग कार बांधण्याचा नाद लागला. 1936 च्या एका शर्यतीत गाडी उलटून ते जबर जखमी झाले. पुढे पिस्टन रिंग बनवायला घेतल्या, तर कास्टिंग जमेना. मग एवढा मोठा माणूस टेक्निकल स्कूलच्या वर्गात जाऊन बसला. परीक्षा काही दिली नाही, म्हणून शाळेने काढून टाकलं. (बॅकलॉगवाल्यांनी खूश होऊ नये, त्यांना मेटलर्जी खरंच शिकायची होती!)

1948 मध्ये होंडा मोटर कंपनी निघाली. 1962 मध्ये कंपनीने स्वतःचं सुझुका सर्किट बांधलं. पहिली चारचाकी विकायला काढली 1963 मध्ये आणि लगेच 1964 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरले! 1965 मध्ये मेक्सिकोत पहिला विजयही मिळाला. शर्यत म्हणजे होंडांच्या दृष्टीने इंजिनिअर घडवायची प्रयोगशाळा.

पण माणूस हट्टी. इंजिन हवेनेच थंड व्हायला हवं, हा त्यांचा आग्रह. त्यातून 1968 ची आरए302 ही गाडी झाली. तिच्या बॉडीत मॅग्नेशियम वापरलेलं. टीमचे ड्रायव्हर जॉन सर्टीस यांना ती धोक्याची वाटली, त्यांनी ती चालवायला नकार दिला. तरीही फ्रान्समध्ये रुआँच्या शर्यतीत ती उतरवली गेली. पाऊस होता. सुरुवातीच्या फेऱ्यांतच गाडी घसरून पेटली आणि जो श्लेसर हे फ्रेंच ड्रायव्हर गेले. फॉर्म्युला वन पुन्हा रुआँला आलीच नाही, आणि त्या वर्षअखेर होंडा कंपनीही बाहेर पडली.

सर्किट सोडलं की मागे डांबर आणि रिकामी स्टँड उरतात. आपल्या नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटचं तेच झालं, 2011 ते 2013 अशा तीनच शर्यती. कंपनी सोडून जाते तेव्हा मात्र शिकलेली माणसं सोबत नेते. होंडाचे रेसिंगवाले इंजिनिअर धुराच्या प्रश्नाकडे वळले. प्रदूषण कमी करायचं तर तापमान ताब्यात हवं, म्हणजे पाणीच हवं, असं ते म्हणू लागले. साहेब ऐकेनात. शेवटी भागीदार फुजिसावा यांनी मध्यस्थी केली आणि होंडांनी माघार घेतली. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला हाच सगळ्यात मोठा निर्णय. 1972 मध्ये सीव्हीसीसी इंजिन जाहीर झालं: स्पार्क प्लगजवळच्या छोट्या चेंबरमध्ये रिच मिक्श्चर पेटवायचं आणि त्या ज्वाळेने मोठ्या चेंबरमधलं लीन मिक्श्चर जाळायचं. पुढच्याच वर्षी होंडा निवृत्त झाले. 1991 मध्ये ते वारले.

त्यांच्या मागे कंपनी 1992, 2008 आणि 2021 मध्ये पुन्हा शर्यतीबाहेर पडली, आणि 2023 मध्ये 2026 च्या पुनरागमनाची घोषणाही केली.

आणि हो, पाण्यासाठी भांडणाऱ्यांत तादाशी कुमे होते. आरए302 चं इंजिन त्यांनीच डिझाइन केलेलं. 1983 मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी होंडा फॉर्म्युला वनमध्ये परतली.