जीपीएसच्या 300 वर्षं आधी उपग्रहांच्या वेळेतली चूक पकडणारा माणूस : ओले रोमर

उपग्रह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इस्रोचं रॉकेट येतं. पण शाळेच्या भूगोलात चंद्रालाही उपग्रहच म्हटलंय, आठवतंय ना? आज मी ज्याची गोष्ट सांगणार आहे, त्या ओले रोमरच्या काळात फक्त असलेच उपग्रह होते. तरीही लोक त्यांच्यावरून पृथ्वीवरची आपली जागा शोधायचे. आणि त्या उपग्रहांच्या वेळापत्रकात एक चूक पुन्हा पुन्हा येत होती.

आकाशातलं घड्याळ

रोमरचा जन्म 1644 चा, डेन्मार्कमधल्या आर्हुस गावचा. वडील व्यापारी. कोपनहेगनच्या विद्यापीठात तो रास्मुस बार्थोलिन या प्राध्यापकांच्या हाताखाली शिकला. त्यांनी त्याला टायको ब्राहे या जुन्या खगोलशास्त्रज्ञाची हस्तलिखितं नीट लावायचं काम दिलं.

1671 मध्ये पॅरिसहून ज्याँ पिकार डेन्मार्कला आला. टायकोची वेधशाळा व्हेन नावाच्या बेटावर होती. ती पॅरिसपासून पूर्वेला किती अंशांवर आहे, म्हणजे दोघांच्या रेखांशात किती फरक आहे, हे पिकारला मोजायचं होतं. मदतीला रोमर गेला.

आता रेखांश म्हणजे वेळेचाच हिशोब. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. भारताची वेळ साडेब्याऐंशी रेखांशावर ठरते, म्हणून आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. पण त्या काळी व्हेन बेटावर बसून पॅरिसमध्ये आत्ता किती वाजले, हे कळणार कसं? फोन नाही, तार नाही.

उत्तर होतं गुरू ग्रहाचा उपग्रह आयो. तो साधारण साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती एक फेरी मारतो आणि दर फेरीत गुरूच्या सावलीत जाऊन पुन्हा बाहेर येतो. दुर्बिणीतून हे दोन्ही ठिकाणांहून एकाच क्षणी दिसतं. व्हेनवर पिकार आणि रोमर, पॅरिसमध्ये कॅसिनी, सगळ्यांनी आपापल्या स्थानिक वेळेची नोंद केली. दोन वेळांमधला फरक काढला की रेखांशातला फरक मिळतो!

चूक कुठे होती?

1672 मध्ये पिकार रोमरला पॅरिसला घेऊन गेला. तिथल्या वेधशाळेत कॅसिनीचा शब्द मोठा. त्याने 1668 मध्येच गुरूच्या उपग्रहांचं वेळापत्रक छापलं होतं. वेळापत्रक अचूक असेल, तर दुसऱ्या ठिकाणी निरीक्षकाची गरजच नाही. एकटा माणूसही कुठूनही आपला रेखांश काढू शकेल.

पण आयो वेळ पाळत नव्हता. वर्षाच्या काही महिन्यांत तो लवकर दिसायचा, काही महिन्यांत उशिरा. 10 मिनिटांची चूक म्हणजे अडीच अंश, विषुववृत्तावर सुमारे 278 किलोमीटर. नकाशा काढणाऱ्याचं तर वाटोळंच.

घड्याळ बिघडलं असतं, तर चूक कशीही आली असती. ही चूक मात्र ठरावीक पद्धतीने यायची. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना उशीर वाढायचा, जवळ येताना कमी व्हायचा. म्हणजे दोष आयोच्या कक्षेत नव्हता. बदलत होतं ते आपलं अंतर.

समजा, एक मित्र दर तासाला तुमच्याकडे एक माणूस पाठवतोय आणि तुम्ही रस्त्याने पुढे पुढे चाललाय. मित्र वेळ पाळतोय, तरी प्रत्येक माणूस तुम्हाला आधीच्यापेक्षा जरा उशिरा गाठणार. प्रकाशाचंही तसंच.

मी कॅल्क्युलेटरवर हिशोब करून पाहिला. पृथ्वी सेकंदाला 30 किलोमीटर धावते. थेट दूर जात असेल, तर आयोच्या एका फेरीत ती सुमारे 46 लाख किलोमीटर लांब जाते. तेवढं अंतर कापायला प्रकाशाला जेमतेम 15 सेकंद लागतात. एका फेरीत हे कुणाच्या लक्षात येणार? पण फेरीमागून फेरी साठत गेलं की मिनिटं होतात.

कॅसिनी मागे हटला, रोमर नाही

गंमत म्हणजे प्रकाशाला वेळ लागतो ही कल्पना ऑगस्ट 1676 मध्ये कॅसिनीनेच मांडली होती. नंतर त्याने ती सोडून दिली, कारण बाकीच्या तीन उपग्रहांचा हिशोब तिच्यात नीट बसत नव्हता. आता परदेशातून आलेल्या तिशीतल्या तरुणाला एवढ्या मोठ्या माणसाच्या विरोधात उभं राहायचं होतं.

रोमरने वाद घालण्याऐवजी आधीच अंदाज सांगून टाकला. सप्टेंबरमध्ये त्याने अकादमीला कळवलं, की नोव्हेंबरमध्ये आयो सावलीतून 10 मिनिटं उशिरा बाहेर येईल. चुकला असता, तर सगळ्यांसमोर फजिती. 9 नोव्हेंबरला ऑगस्टच्या हिशोबाने आयो 5 वाजून 25 मिनिटं 45 सेकंदांनी दिसायला हवा होता. दिसला 5 वाजून 35 मिनिटं 45 सेकंदांनी!

पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला 22 मिनिटं लागतात, असं रोमरने काढलं. खरा आकडा पावणेसतरा मिनिटांच्या आसपास आहे. म्हणजे आकडा चुकला, पण मुद्दा बरोबर होता. हायगेन्स आणि न्यूटन यांनी तो मान्य केला, कॅसिनीने नाही.

पुढचं आयुष्य

1681 मध्ये रोमर कोपनहेगनला परतला, बार्थोलिन यांच्या मुलीशी लग्न केलं आणि प्राध्यापक झाला. देशभर एकसारखी वजनं-मापं त्याने आणली. पुढे तो शहराचा पोलीसप्रमुखही झाला. रस्त्यावर तेलाचे दिवे लागले ते त्याच्यामुळेच. त्याचा थर्मामीटर पाहून फॅरेनहाइटलाही दिशा मिळाली.

1710 मध्ये तो गेला. 1728 च्या आगीत त्याच्या बहुतेक नोंदी जळाल्या. 1729 मध्ये ब्रॅडलीने ताऱ्यांवरून वेगळ्या वाटेने प्रकाशाचा वेग सिद्ध केला, तेव्हा कुठे शंका मिटल्या. ते पाहायला रोमर नव्हता.

आणि आपला मोबाईल?

आज जीपीएसचा प्रत्येक उपग्रह आपली वेळ आणि कक्षेची माहिती पाठवत असतो. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून सिग्नल यायला 0.07 सेकंद लागतात. या उशिरावरूनच फोन अंतर काढतो. हिशोब एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकला, तर अंतर 300 मीटरने चुकतं.

रोमरच्या काळात जो उशीर चूक वाटत होता, त्याच्यावरच आज आपलं लोकेशन चालतं. म्हणून मॅपवरचा निळा ठिपका पाहिला की मला तो नोव्हेंबर आणि ती 10 मिनिटं आठवतात. तुमच्या एखाद्या आकड्यात तीच चूक पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती खोडायची घाई करू नका. आधी ती कधी वाढते आणि कधी कमी होते, ते लिहून ठेवा.